अर्ज चुडाव्यातून भरून पाहिला

2009 च्या उन्हाळ्यात नांदेडच्या एका शिक्षणसंस्थेचा ऑनलाइन प्रवेश अर्ज तयार करण्याचं काम माझ्याकडे आलं. तोवर त्यांचे अर्ज कागदावर यायचे आणि जुलै उजाडला तरी कारकून मंडळी नावं संगणकात भरत बसलेली असायची. अर्ज विद्यार्थ्यानंच भरावा, गावाकडच्या नेट सेंटरवरून भरावा, नांदेडच्या दोन-दोन फेऱ्या वाचाव्यात, अशी संस्थेची इच्छा होती. काम मोठं नव्हतं, पण पहिल्याच बैठकीत प्रश्न आला की हे मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटवर करायचं, की पीएचपी, मायएसक्यूएल आणि जेक्वेरी घेऊन?

बैठकीत दोन्ही बाजूंची माणसं होती. एकाचं म्हणणं, डॉट नेटमध्ये एजॅक्स आतच आलेलं आहे, वेगळं काही करायला नको, उगीच जोडाजोड कशाला? दुसऱ्याचं म्हणणं, ओपन सोर्स असताना परवान्याचे पैसे का मोजायचे? मी दोन्हीकडे काम केलेलं होतं आणि दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे हे मला माहीत होतं. पण हा अर्ज जिथून भरला जाणार, तिथली तार त्या दोघांच्याही बोलण्यात नव्हती. मी चुडाव्याचा. म्हणून मी एवढंच म्हणालो, की दोन्ही पद्धतींनी अर्जाचं पहिलं पान करतो, गावाकडून भरून पाहतो आणि मग सांगतो.

चुडावा पूर्णा तालुक्यात, पूर्णा-नांदेड लोहमार्गावरचं छोटं स्टेशन. जिल्हा परभणी, पण कॉलेज, दवाखाना, मोठा बाजार म्हटलं की आमच्याकडचा माणूस नांदेडची गाडी धरतो. विद्यापीठही नांदेडचंच. 1994 साली स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे येतात. आमच्या अर्जाचे विद्यार्थी बहुतेक करून याच चार जिल्ह्यांतले असणार होते. गावात माझ्या चुलतभावाचं नेट सेंटर होतं. तीन जुने संगणक, एक इन्व्हर्टर आणि जोडणीला मोबाइल कंपनीचं डेटा कार्ड. भारनियमनाचे दिवस होते. वीज असेल तेव्हा टॉवर चालायचा, टॉवर चालला की जोडणी मिळायची, आणि मिळाली तरी तिचा वेग संध्याकाळी निम्म्यावर यायचा.

आता एजॅक्सबद्दल थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पूर्वी वेबपानावर एखादी गोष्ट बदलायची तर अख्खं पान सर्व्हरकडे जायचं आणि अख्खं परत यायचं. पडदा पांढरा व्हायचा, अर्ज भरणारी माणसं वाट बघत बसायची. पान तसंच ठेवून मागच्या मागे सर्व्हरकडून हवी तेवढीच माहिती मागवायची सोय पहिल्यांदा मायक्रोसॉफ्टनं आणली. त्यांच्या आउटलुक वेब ॲक्सेसच्या लोकांना मेलबॉक्स ब्राउझरमध्ये चालवायचा होता, त्यातून ती निघाली आणि 1999 साली इंटरनेट एक्स्प्लोरर 5 मधून बाहेर पडली. मोझिलानं ती आपल्या ब्राउझरमध्ये उचलली. 2004 च्या एप्रिलमध्ये जीमेल आलं, 2005 च्या सुरुवातीला गूगल मॅप्स आलं, आणि त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत जेसी जेम्स गॅरेट यांनी आपल्या लेखात या पद्धतीला एजॅक्स हे नाव दिलं. नाव मिळाल्यावर प्रत्येक वेब प्लॅटफॉर्मला आपल्यात एजॅक्स आहे असं सांगणं भाग पडलं. रुबी ऑन रेल्सनं प्रोटोटाइप ही लायब्ररी पोटात घेतली. मायक्रोसॉफ्टनं ॲटलस नावानं काम सुरू करून 2007 च्या जानेवारीत एएसपी डॉट नेट एजॅक्स 1.0 काढलं आणि त्याच वर्षाच्या शेवटी ते डॉट नेट 3.5 मध्ये कायमचं बसवलं. ॲडोबीनं 2007 मध्ये कोल्डफ्यूजन 8 बरोबर तयार एजॅक्स घटक दिले. त्यांच्या पोटात एक्स्ट जेएस ही बाहेरची लायब्ररी होती. आणि या सगळ्यांच्या बाजूला, कुठल्याही प्लॅटफॉर्मला न बांधलेली जेक्वेरी ही जावास्क्रिप्ट लायब्ररी 2006 पासून जॉन रेसिग यांच्या हातून वाढत होती.

आमच्या अर्जात एजॅक्स लागणार होतं ते एका साध्या जागी. जिल्हा निवडला की त्याचे तालुके दिसावेत, तालुका निवडला की गावं दिसावीत. पुढे शाखा निवडली की तिचे विषय दिसावेत. सातबारा ऑनलाइन पाहणाऱ्या कुणालाही ही जिल्हा-तालुका-गावाची उतरंड ओळखीची आहे. महाराष्ट्रातल्या गावांची संख्या चाळीस हजारांवर. ती सगळी एका यादीत घालता येत नाहीत आणि गावाचं नाव हातानं लिहू द्यावं, तर एकाच गावाचे पाच प्रकार येतात. चुडावा, चुडावे, चूडावा. मग कारकुनाचं काम पुन्हा तिथंच.

पहिलं पान डॉट नेटमध्ये केलं. खरं सांगतो, काम करायला सुख वाटलं. पानावर स्क्रिप्ट मॅनेजर ठेवायचा, तीन ड्रॉपडाउन अपडेट पॅनेलच्या चौकटीत टाकायचे, जिल्हा बदलल्यावर काय करायचं ते नेहमीच्या सी शार्पमध्ये लिहायचं. जावास्क्रिप्टची एक ओळसुद्धा लिहावी लागत नाही. दुपारच्या आत पान चालू झालं. संस्थेच्या ऑफिसातल्या जोडणीवर जिल्हा बदलला की तालुके लगेच हजर. कागदपत्रं एका जागी, उदाहरणं एका जागी, अडलं तर कुणाला विचारायचं तेही ठरलेलं. नांदेडच्या क्लासेसमधून डॉट नेट शिकून पुण्याला नोकरीला जाणारी पोरं दर वर्षी निघत होती, म्हणजे पुढे हे सांभाळायला माणूसही मिळाला असता. व्यापारी प्लॅटफॉर्मचं मोल ते हेच, आणि ते मी कमी लेखत नाही. ज्याच्याकडे एकच प्रोग्रामर आणि दोन महिने आहेत, त्याला तयार वस्तू फार आधार देते.

तेच पान चुडाव्यातून उघडलं. जिल्हा परभणी निवडला. कोपऱ्यातलं चक्र फिरू लागलं. चुलतभाऊ शेजारी उभा होता. म्हणाला, "हे फिरूच लागलंय की रे. बंद पडलं का काय?" बंद पडलेलं नव्हतं. वीस सेकंदांच्या आसपास फिरून तालुके आले. पूर्णा निवडला, पुन्हा तेवढंच. त्यानं मधेच धीर सोडून शाखेची यादी उघडून शास्त्र शाखा निवडली, आणि गावांची यादी आलीच नाही.

मी फायरफॉक्समधलं फायरबग हे तपासणीचं साधन लावून तारेवरून काय जातं ते बघितलं. अपडेट पॅनेल पानाचा तुकडाच बदलतं हे पडद्यापुरतं खरं होतं. सर्व्हरकडे मात्र अर्जातली सगळी भरलेली माहिती जात होती आणि तिच्यासोबत व्ह्यूस्टेट. व्ह्यूस्टेट म्हणजे पानाची सगळी आठवण. कोणत्या यादीत कोणती नावं होती, काय निवडलं होतं, हे सगळं एका लपवलेल्या खणात सांकेतिक अक्षरांत बांधून ठेवलेलं असतं. आमच्या पानाचं ते गाठोडं तीस केबीच्या घरात गेलं होतं. तालुके मागायला जाताना ते वर जायचं, सर्व्हर अख्खं पान मनातल्या मनात पहिल्यापासून उभं करायचा आणि उत्तरात नवं गाठोडं खाली यायचं. उत्तराचा साचाही पाहण्यासारखा होता. लांबी, मग उभी रेघ, प्रकार, उभी रेघ, चौकटीचं नाव, उभी रेघ, मग एचटीएमएल. असे तुकडे एकापाठोपाठ एक, आणि त्यांतला सर्वांत लठ्ठ तुकडा व्ह्यूस्टेटचा. परभणी जिल्ह्याचे तालुके नऊ. परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पाथरी, मानवत, पालम, सेलू, जिंतूर, पूर्णा. या नऊ शब्दांसाठी एवढा बोजा जात-येत होता.

खाली येणारी माहिती सर्व्हर दाबून लहान करू शकतो. वर जाणारी तशी दाबली जात नाही. आणि डेटा कार्डाच्या जोडणीचा वर जाण्याचा वेग खाली येण्याच्या वेगापेक्षा कितीतरी कमी असायचा. म्हणजे जिथं तार सर्वांत बारीक, तिथंच तयार एजॅक्स सर्वांत जड ओझं टाकत होतं. यादी हरवण्याचं कारणही सापडलं. अपडेट पॅनेलमागचा व्यवस्थापक एका वेळी एकच मागणी चालू ठेवतो. दुसरी आली की पहिली सोडून देतो. जलद जोडणीवर हे कुणाच्या लक्षातही येत नाही. आमच्याकडे माणूस वाट पाहताना पुढचं काम करतो, आणि त्याची पहिली मागणी गळून जाते.

डॉट नेटला न्याय द्यायचा तर हेही सांगितलं पाहिजे की त्यातच दुसरा हलका रस्ता होता. अपडेट पॅनेल टाळून सर्व्हरवर छोटी वेब सेवा लिहायची आणि स्क्रिप्टमधून तिला थेट हाक मारायची, म्हणजे फक्त नावं जेसन या हलक्या मजकुरी साच्यात येतात. एजॅक्स कंट्रोल टूलकिटमध्ये अशा उतरंडीच्या याद्यांसाठी तयार घटकही होता, आणि त्या टूलकिटचा सोर्सकोड खुला होता. मी तोही बसवून पाहिला. नावं झटक्यात आली. पण अर्ज पाठवायची वेळ आली तेव्हा सर्व्हरनं तो नाकारला. एएसपी डॉट नेट आपण पानावर कोणते पर्याय पाठवले होते त्यांची नोंद ठेवतं आणि त्याबाहेरचं काही परत आलं की संशय घेतं. सुरक्षेसाठी ते चांगलंच आहे. पण स्क्रिप्टनं मागाहून आणलेली गावं त्या नोंदीत नसतात. ती तपासणी बंद करून स्वतःची लिहावी लागली. व्ह्यूस्टेट बंद केला तर गाठोडं हलकं होई, पण मग याद्या प्रत्येक वेळी आपणच भरायच्या. तयार म्हणून घेतलेल्या गोष्टीतलं एकेक काढून टाकत मी शेवटी जिथं पोचलो, तिथं जवळजवळ सगळं माझ्याच हातचं होतं.

दुसरं पान पीएचपी आणि जेक्वेरीचं. इथं आयतं काहीच नव्हतं. जेक्वेरी 1.3 त्या वर्षाच्या जानेवारीत आली होती, दाबलेल्या रूपात एकोणीस केबीच्या आसपास. एकदा उतरली की संगणकात राहते. जिल्हा बदलला की पत्ता कोणता, उत्तर आलं की यादीत नावं कशी भरायची, उत्तर आलंच नाही तर काय दाखवायचं, हे सगळं स्वतः लिहायचं. नेट सेंटरवरच्या दोन संगणकांत इंटरनेट एक्स्प्लोरर 6 होता. त्याच्या आणि फायरफॉक्सच्या वागण्यातला फरक जेक्वेरी आपल्या अंगावर घेत होती, आणि तेवढ्यासाठी मी तिचा ऋणी आहे.

खरा घाम फुटला तो मराठीनं. मायएसक्यूएल त्या काळी नवा डेटाबेस सांगितल्याशिवाय यूटीएफ-8 मध्ये बनवत नसे. तक्ता, रकाना आणि जोडणी, तिन्ही ठिकाणी ते स्वतः सांगावं लागे. एक जागा राहिली की गावांच्या नावाऐवजी प्रश्नचिन्हांची रांग. ते जमलं तर पुढचं. चुडावा या नावात संगणकाच्या हिशेबी सहा खुणा आहेत. च, उकार, ड, काना, व, काना. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते, म्हणजे अठरा बाइट. पण पीएचपीचं जेसन करणारं फंक्शन देवनागरी जशीच्या तशी ठेवत नसे. प्रत्येक खुणेच्या जागी सहा इंग्रजी अक्षरांचा संकेत लिहायचं, की झाले छत्तीस. आणि तेच नाव अर्जातून सर्व्हरकडे जाताना ब्राउझर प्रत्येक बाइटचे तीन करतो, म्हणजे चोपन्न. इंग्रजी नावाच्या गावाला हा भुर्दंड नाही. म्हणून मी अर्जातून गावाचं नाव पाठवणं सोडून त्याचा क्रमांक पाठवला आणि याद्या जेसनच्या त्या फंक्शनमधून न काढता फाइलींत देवनागरीतच लिहून ठेवल्या. पुढे 2012 साली पीएचपी 5.4 मध्ये देवनागरी जशीच्या तशी ठेवायची सोय आली. आम्हाला ती आधीच हवी होती, आणि सगळं उघडं असल्यामुळे आम्ही आमच्यापुरता रस्ता काढू शकलो.

एकदा वजन मोजायची सवय लागली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. चार जिल्ह्यांचे तालुके मिळून किती? नांदेडचे सोळा, लातूरचे दहा, परभणीचे नऊ, हिंगोलीचे पाच. चाळीस. चाळीस नावं म्हणजे एक-दीड केबी. ती पानातच लिहून टाकली, शाखांचे विषयही. त्यांच्यासाठी सर्व्हरकडे जायचंच नाही. उरली फक्त गावं. एका तालुक्याच्या गावांची फाइल दोन-तीन केबीची. शिवाय ती साध्या पत्त्यावर ठेवलेली, म्हणून ब्राउझर ती आपल्याजवळ जपून ठेवतो. चुडाव्याच्या सेंटरवर येणारी बहुतेक पोरं पूर्णा तालुक्यातलीच. पहिल्यानं पूर्णा निवडला की गावांची यादी तारेवरून यायची, दुसऱ्यापासून पुढच्यांना ती त्याच संगणकातून मिळायची. जोडणी मधेच गेली तरीही. अपडेट पॅनेलला हे साधत नव्हतं, कारण त्याची प्रत्येक मागणी सगळा अर्ज घेऊन जाणारी, प्रत्येकाची वेगळी, आणि अशी मागणी ब्राउझर जपून ठेवत नाही.

स्क्रिप्ट चाललीच नाही तर? त्यासाठी यादीशेजारी "गावं दाखवा" असं साधं बटण ठेवलं. ते दाबलं की जुन्या पद्धतीनं अख्खं पान जाऊन यायचं. वेळ लागायचा, पण कुणाचा अर्ज अडून राहत नव्हता.

इथवर वाचून ओपन सोर्स जिंकलं असं वाटेल. मला तसं म्हणायचं नाही, कारण त्याच वर्षी मी ओपन सोर्समधलंही तयार एजॅक्स वापरून पाहिलं. संस्थेला वेबसाइट हवी होती, बातम्या, परिपत्रकं, फोटो असलेली. ड्रुपल आणि जूमला दोन्ही तपासले. ड्रुपलनं 2007 पासून जेक्वेरी पोटात घेतलेली, पण ड्रुपल 6 बरोबर आलेली जेक्वेरी जुनी, आणि मला हव्या असलेल्या गोष्टी नवीत. जूमला 1.5 नं मूटूल्स ही दुसरी लायब्ररी निवडलेली. त्यात जेक्वेरी आणून ठेवली की दोघीही डॉलरच्या एकाच खुणेवर हक्क सांगायच्या आणि पान थांबायचं. जेक्वेरीला माघार घ्यायला सांगणारी ओळ लिहावी लागे. कोल्डफ्यूजनच्या पोटातली एक्स्ट जेएस पुढे गेली तरी प्लॅटफॉर्मची नवी आवृत्ती येईपर्यंत वापरणाऱ्यांना जुनीच मिळत राहिली, आणि 2008 मध्ये तर त्या लायब्ररीचा परवानाच बदलून जीपीएल झाला, त्यावरून जगभर वाद झाला. तेव्हा अडचण केवळ व्यापारी असण्यात नाही. आत बसवलेलं एजॅक्स प्लॅटफॉर्मच्या आवृत्तीबरोबर थांबतं, मग तो प्लॅटफॉर्म विकतचा असो की खुला. फरक पडतो तो पुढच्या पायरीवर. खुल्यामध्ये आपण झाकण उघडून दुरुस्त करू शकतो, तशी तयारी असेल तर. विकतच्यात मालक दुरुस्त करून देईपर्यंत थांबतो, पण दुरुस्ती करणं हे त्याचं काम असतं.

आणि विकतचं व खुलं यांच्यातली भिंतही तेव्हाच खचायला लागली होती. मायक्रोसॉफ्टनं 2008 च्या सप्टेंबरमध्ये जाहीर केलं होतं, की व्हिज्युअल स्टुडिओबरोबर आम्ही जेक्वेरी देऊ, तीही आहे तशी, तिच्याच खुल्या परवान्यावर. स्वतःचं तयार एजॅक्स असताना. ती बातमी वाचली तेव्हा बैठकीतल्या दोन बाजू मला तितक्याशा दूर वाटेनाशा झाल्या.

मी संस्थेला सल्ला दिला तो दोन्ही वापरण्याचा. विद्यार्थ्याचा अर्ज पीएचपी आणि जेक्वेरीवर, कारण तो चुडाव्यातून, पालममधून, सेनगावातून भरला जाणार. ऑफिसच्या आतलं काम, म्हणजे अर्जांची छाननी, गुणवत्ता यादी, शुल्काच्या नोंदी, हे डॉट नेटवर. तिथं सगळे संगणक एकाच इमारतीत, जाळं स्वतःचं, तीस केबीचं गाठोडं कुणाला जाणवतही नाही. मोठमोठे तक्ते, क्रमवारी, शोध, जागच्या जागी दुरुस्ती, हे सगळं तिथं तयार मिळत होतं आणि कारकुनांना ते भराभर हवं होतं. डेटाबेससाठी एसक्यूएल सर्व्हरची मोफत एक्स्प्रेस आवृत्ती पुरली. तिला चार जीबीची मर्यादा होती आणि आमची माहिती तिच्या कितीतरी आत होती. दोन्हींच्या मध्ये रोज रात्री अर्जांची देवाणघेवाण. संस्थेच्या अध्यक्षांनी विचारलं, "दोन दोन गोष्टी सांभाळायला जड नाही जाणार?" मी म्हणालो, "जाईल साहेब, पण तो भार आपल्यावर येईल. एकाच गोष्टीचा आग्रह धरला तर तो पोरांवर जाईल."

जूनमध्ये निकाल लागला आणि सेंटरवर गर्दी झाली. मी त्या दिवसांत मुद्दाम गावी राहिलो. एक वडील आपल्या मुलीला घेऊन आले होते. पावसाची वाट पाहत पेरणी खोळंबलेली, डोक्यावर उपरणं, हातात गुणपत्रिकेची प्लास्टिकची पिशवी. मुलगी संगणकापुढे बसायला बिचकत होती. चुलतभाऊ म्हणाला, "बस बाई, काही होत नाही त्याला." तिनं परभणी निवडलं, पूर्णा निवडलं, आणि यादीतून स्वतःच्या गावाचं नाव हळूच वर-खाली करत शोधलं. तेवढ्यात वीज गेली. डेटा कार्ड लावलेला संगणक इन्व्हर्टरवर चालू राहिला, टॉवर मात्र गेला. वडील म्हणाले, "आता कसं व्हायचं दादा? लिहिलेलं गेलं का सगळं?" गेलं नव्हतं. याद्या पानातच होत्या, गावं ब्राउझरजवळ होती. तिनं विषय निवडले, गुण भरले, सगळं तपासलं. जोडणी आल्यावर एकदाच बटण दाबलं. अर्जाचा क्रमांक आला तेव्हा वडिलांनी तो माझ्याकडून कागदावर लिहून घेतला आणि पुन्हा एकदा मुलीकडून वाचून घेतला. नांदेडची फेरी वाचली, म्हणजे त्यांची एका दिवसाची मजुरी वाचली. हे मला तेव्हा फार मोलाचं वाटलं, आजही वाटतं.

पुढच्या वर्षांनी दोन्ही निवडींची परीक्षा घेतली. 2013 च्या जानेवारीत जेक्वेरी 1.9 आली आणि तिनं जुन्या काही पद्धती काढून टाकल्या. नवी आवृत्ती घ्यायची तर अर्जातल्या कितीतरी ओळी बदलणं आलं, आणि ते आम्हीच करायचं होतं. कुणी कंपनी फोन उचलणारी नव्हती. इकडे डॉट नेटचं ऑफिसचं काम कुणी हात न लावता वर्षानुवर्षं चालत राहिलं. मग 2016 साली मायक्रोसॉफ्टचं नवं, खुल्या सोर्सचं डॉट नेट कोअर आलं आणि त्यात वेब फॉर्म्सला, म्हणजे अपडेट पॅनेल ज्यावर उभं होतं त्यालाच, जागा दिली गेली नाही. जुनं आहे तिथं चालतं, त्याला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, पण पुढची वाट त्याच्यासाठी नाही. म्हणून ऑफिसचं ते काम शेवटी नव्यानं लिहावं लागलं. विद्यार्थ्यांच्या अर्जाचं रूपही बदललं, कारण आता तो मोबाइलवर भरला जातो. पण गावांच्या त्या फाइली, साध्या पत्त्यावरच्या साध्या जेसनमधल्या, जशाच्या तशा पुढे चालत आल्या. जेक्वेरी काढून ब्राउझरची स्वतःची फेच सोय वापरली तेव्हा फाइलींना धक्काही लागला नाही. जिथं आम्ही माहिती आणि तिला दाखवणारं यंत्र वेगळं ठेवलं होतं, तिथं यंत्र बदलणं सोपं गेलं. जिथं ते एकमेकांत गुंतलं होतं, तिथं सगळंच पुन्हा.

आता नांदेडच्या कॉलेजातली मुलं कधी कधी विचारतात, सर, कोणता फ्रेमवर्क घेऊ? नावं बदलली आहेत. तेव्हाचं अपडेट पॅनेल आज दुसऱ्या नावांनी, कितीतरी सुधारलेल्या रूपात परत आलं आहे. जावास्क्रिप्ट न लिहिता पानाचे तुकडे सर्व्हरवरून बदलून देणारी लाराव्हेल लाइव्हवायरसारखी साधनं खुल्या सोर्समध्येच उभी आहेत, आणि त्यांच्याही मागणीबरोबर घटकाची अवस्था जात-येत असते. मी कुणाला कुठलं नाव सांगत नाही. चार गोष्टी करायला सांगतो. एक छोटं पान दोन्ही साधनांत करा. ब्राउझरमधली नेटवर्कची खिडकी उघडून एका निवडीमागे किती वर जातं, किती खाली येतं ते वाचा. देवनागरी भरून वाचा, इंग्रजी भरून नव्हे. आणि कॉलेजच्या वायफायवर बसून ठरवू नका. ज्याच्यासाठी करताय त्याच्या गावी जा, त्याच्या फोनवर, संध्याकाळच्या वेळी भरून बघा. परवान्याची किंमत कोटेशनमध्ये लिहिलेली असते, ती कुणीही वाचतं. वापरणाऱ्यानं वाट पाहण्यात मोजलेली किंमत कुठंच लिहिलेली नसते, म्हणून ती बनवणाऱ्यानं स्वतः जाऊन मोजली पाहिजे. तयार मिळतंय ते जरूर घ्यावं, विकतचं असो की खुलं. फक्त ते सर्वांत बारीक तारेवर चालतं हे आधी पाहून घ्यावं, आणि उद्या ते बदलावं लागलं तर आपली माहिती मोकळी निघेल अशी सोय पहिल्याच दिवशी करून ठेवावी.